फाईल कुठल्या टेबलावर अडकली?

संगणक हळू चालायला लागला की आपल्याकडे निकाल आधी लागतो आणि चौकशी नंतर होते. "जुना झाला, नवा घ्या." शेजारी हेच सांगतो, भाचा हेच सांगतो, दुकानदार तर सांगतोच सांगतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यंत्राच्या पोटात काय चालतं ते मला कधी कुणी शिकवलेलं नाही. पण वीसेक वर्षं सरकारी कचेरीत आधी एलडीसी आणि मग यूडीसी म्हणून काढल्यावर एक गोष्ट मात्र पक्की कळली आहे. फाईल हळू सरकते तेव्हा कागद जुना झालेला नसतो, ती कुठल्यातरी टेबलावर पडून असते. इनवर्डला असते, हेड क्लार्ककडे असते, अकाउंट्सच्या शेऱ्यासाठी गेलेली असते, नाहीतर साहेब दौऱ्यावर असतात. अर्जदार बिचारा खिडकीपाशी उभा राहून एकच म्हणतो, "तुमचं ऑफिसच स्लो." त्याचा राग खरा असतो, पण त्या वाक्याने फाईल हलत नाही. ती नेमकी कुठल्या टेबलावर आहे हे कुणीतरी उठून बघावं लागतं.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे आमच्या आईची गाण्यांची डबी.

आई ७८ वर्षांची. काचबिंदूने तिची दोन्ही डोळ्यांची नजर नेली. पेपर गेला, टीव्हीचा नुसता आवाज उरला. मोबाईल हातात देऊन पाहिला, पण मोबाईल म्हणजे एक गुळगुळीत काच, न दिसणाऱ्या माणसाच्या बोटाला तिथे काहीच लागत नाही. म्हणून भाच्याने एक छोटा प्लेअर आणला. काडेपेटीहून थोडा मोठा, आत मेमरी कार्ड, आणि मुख्य म्हणजे वर चांगली उठावदार पाच बटणं. मधल्या बटणावर मी आईचीच एक टिकली चिकटवली, म्हणजे चालू-बंद करायचं बटण बोटाला लगेच सापडावं. पावसाळ्याचे दोन महिने आई बेळगावला माझ्या बहिणीकडे जाणार होती. त्याआधी ही डबी भरून तिच्या हातात द्यायची असं ठरलं.

भरायचं काय, तर बाबांच्या कॅसेट. बाबा पेटी वाजवायचे. पोटापाण्याचा धंदा वेगळा, पण आमच्या फोंडा तालुक्यात देवळाचा उत्सव आला, नाटक उभं राहिलं की बाबा पेटीवर, हे ठरलेलं. गोव्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. गावचेच लोक, गावचाच रंगमंच, आणि रात्री दहाला सुरू झालेलं संगीत नाटक पहाटे कोंबड्याच्या बांगेबरोबर संपणार. कुणीतरी पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवायचा. अशा ४७ कॅसेट आमच्या कपाटात आहेत, १९८० ते २००० या काळातल्या. बाबा २००३ साली गेले. नंतर सवडीसवडीने मी त्यातल्या ३८ कॅसेट संगणकावर उतरवल्या. त्यांच्या सीडीही करून ठेवल्या होत्या, पण गोव्याची हवा सीडीला मानवत नाही. निम्म्याअधिक आता वाचल्याच जात नाहीत. काही कॅसेटच्या फिती आतल्या आत चिकटल्या आहेत. म्हणजे त्या रात्रींचा आवाज आता एकाच ठिकाणी होता, आमच्या घरातल्या त्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर.

प्लेअर जोडला, भाच्याने गाणी सांभाळणारा एक प्रोग्राम लावून दिला, बटण दाबलं आणि संगणक बसला तो बसलाच. माऊस उड्या मारू लागला. दुसरी खिडकी उघडायला पाच-पाच मिनिटं. दोन तासांत दोन फाईल गेल्या, तिसरी अर्ध्यावर. आतल्या खोलीतून आईचा आवाज, "जालें रे?"

भाचा म्हणाला, "मामा, हा पीसी भंगारात काढा." मी म्हटलं, काढू, पण आधी टेबलं बघू.

संगणकात टेबलं बघायची सोय आहे, तिला टास्क मॅनेजर म्हणतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे स्तंभ असतात आणि प्रत्येकाखाली टक्केवारी. यंत्र मंद झालेलं असताना यातला कुठला स्तंभ शंभराला टेकला आहे एवढंच पाहायचं. बाकी काही कळलं नाही तरी चालेल. आमच्याकडे पहिल्या दिवशी सीपीयू ९५ च्या वर होता. नुसती नक्कल करायला सीपीयूला एवढं काम पडत नाही. मग तो करत काय होता?

तो फाईल नुसती पाठवत नव्हता, नव्याने टाईप करून पाठवत होता. कॅसेटचा आवाज मी वेव्ह प्रकारात साठवला होता, जसाच्या तसा, काही न दाबता. सीडीच्या दर्जाचा असा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो. मिनिटाला साडेदहा एमबी, तासाच्या कॅसेटला ६३५ एमबी, आणि ३८ कॅसेटचे मिळून २४ जीबी. तोच आवाज १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये तासाला जेमतेम ५८ एमबी होतो, सगळं मिळून सव्वादोन जीबीच्या आत. गाणी सांभाळणारा तो प्रोग्राम "प्लेअरला सोयीचं पडावं" म्हणून प्रत्येक फाईल जाता जाता एमपीथ्रीत बदलत होता. मूळ फाईल डिस्कवरून वाचायची, बदललेली तात्पुरती फाईल त्याच डिस्कवर लिहायची, ती पुन्हा वाचायची आणि मग प्लेअरवर धाडायची. एकाच शिपायाला चार टेबलांवर पळवल्यासारखं.

उपाय सोपा होता. बदलायचं काम वेगळं काढलं. रात्री झोपताना सगळ्या फाईली एमपीथ्री करायला लावल्या. यंत्राला रात्रभर दुसरं काम नसतं. मूळ वेव्ह फाईली जागच्या जागी तशाच ठेवल्या, कारण एमपीथ्री करताना आवाजाचा जो भाग टाकला जातो तो पुन्हा मिळत नाही. मग त्या प्रोग्रामला रजा दिली आणि साध्या कॉपी-पेस्टने फोल्डर पाठवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सीपीयू शांत, पण वेग सेकंदाला एक एमबीच्याही खाली. हे वेगळं टेबल. यूएसबीची वायर दिसायला एकच असली तरी तिच्यातून जाणारे वेग वेगवेगळे असतात. १९९८ च्या यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, २००० साली आलेल्या २.० चा ४८० मेगाबिट. इथे बिट आणि बाइट यांत गल्लत होऊ देऊ नये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १२ मेगाबिट हे कागदावर दीड एमबी, आणि प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास. स्वस्तातल्या पुष्कळ प्लेअरमधली यूएसबी अजून याच जुन्या वेगाने बोलते. अशा वेळी संगणक कितीही नवा आणा, समोरचा कारकून मिनिटाला एकच कागद घेत असेल तर रांग तेवढीच राहणार.

यावरही तोड निघाली. प्लेअरमधलं कार्ड काढलं आणि कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाच्या मागच्या बाजूला थेट जोडलं. पुढच्या तोंडाची यूएसबी आतल्या लांब वायरीवरून येते आणि जुन्या पेट्यांत ती वायर ढिली पडलेली असते. एका हबवर चार वस्तू टांगल्या असतील तर त्याही वेग वाटून घेतात. कार्ड रीडरने वेग सात-आठ एमबीवर गेला. कार्डाचा स्वतःचा लिहिण्याचा वेग असतो, त्याच्या पुढे काही जात नाही, आणि जायची गरजही नव्हती.

तिसरं टेबल अँटिव्हायरसचं. तो प्रत्येक फाईल वाचताना तपासतो आणि लिहितानाही तपासतो. त्यात फोल्डर उघडं ठेवलं की प्रत्येक फाईलचं चित्र शोधणारा आणि शोधासाठी नोंदी ठेवणारा असे आणखी दोघे मागोमाग येतात. पुष्कळजण सांगतात, अँटिव्हायरस बंद करा. मला ते पटत नाही. दक्षता विभाग बंद करून कचेरी जलद करण्यासारखं ते झालं. मी इतकंच केलं की त्याची साप्ताहिक मोठी तपासणी त्या वेळेपासून हलवली, बाकीच्या खिडक्या मिटल्या आणि सगळ्या फाईली एकदम न टाकता दहा-दहाच्या गठ्ठ्याने पाठवल्या. एकाच वेळी तीन ठिकाणांहून कॉपी लावली की काम तिप्पट वेगाने होतं अशी समजूत आहे. फिरत्या हार्ड डिस्कच्या बाबतीत उलट होतं. तिची सुई एकच, ती तीन जागी धावत बसते.

एवढं करून गाडी रुळावर आली. पहिले तीन गठ्ठे सुरळीत गेले. चौथ्या गठ्ठ्यात एका फाईलवर सगळं पुन्हा थिजलं. आणि या वेळी टास्क मॅनेजरमध्ये जे दिसलं ते पाहून मी कॉपी थांबवली. डिस्कच्या स्तंभात १०० टक्के, आणि वेग शून्य.

मंडळी, या पोस्टमधलं एवढंच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. डिस्क शंभर टक्के कामात आहे आणि सरकत काहीच नाही, शिवाय दर वेळी त्याच फाईलच्या त्याच टक्क्यावर अडतं, तर हे मंदपणाचं लक्षण समजू नका. हे आजारपण आहे. डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचता येईनासा होतो तेव्हा डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर बाकी सगळे दारात ताटकळतात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. आमच्या नोंदीत "वाचायचे राहिलेले सेक्टर" या रकान्यात शून्य हवा तिथे आकडा होता.

अशा वेळी दुरुस्तीच्या मागे लागायचं नाही. डिस्क तपासून नीट करणारी जी आज्ञा असते ती चालवायची नाही, डिफ्रॅग तर मुळीच नाही. त्याने आजारी डिस्कला आणखी पळवलं जातं. आधी जे वाचतंय ते बाहेर काढायचं. आईची डबी बाजूला ठेवली. बाहेरून जोडायची नवी हार्ड डिस्क आणली आणि ती अडलेली फाईल सोडून बाकी सगळ्या मूळ फाईली तिच्यावर उतरवल्या. पूर्ण रात्र गेली. सकाळी पणजीला जायला कदंबची बस पकडली तेव्हा डोळे चुरचुरत होते, पण जीव भांड्यात पडला होता.

राहिली ती एक फाईल. नाव पाहिलं, १९८९ च्या उत्सवातलं 'मत्स्यगंधा', बाजू ब. कॅसेट कपाटातून काढून पाहिली, फीत चिकटलेली. आणि आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की या बाजूच्या सुरुवातीला बाबांचा आवाज आहे. पेटीवाल्याचा आवाज कोण कशाला टिपणार? ४७ कॅसेटमध्ये बाबा पेटीतून रात्र रात्र बोलतात, तोंडाने एकदाच. पडदा वर जायच्या आधी ते गाणाऱ्याला सांगतात, "काळी एक दितां हां." बस, एवढंच.

भाच्याने आता भंगाराचं नाव काढलं नाही. त्याने जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आणला. साधी कॉपी एका न वाचलेल्या सेक्टरपायी पूर्ण फाईल नाकारते. अर्जात एक रकाना रिकामा म्हणून आख्खा अर्ज परत, तसं. हा प्रोग्राम अडलेला भाग सोडून पुढे जातो, चांगलं असेल ते सगळं आधी उचलतो आणि मग सोडलेल्या जागी पुन्हा पुन्हा फिरून येतो. कुठे काय राहिलं याची नोंदही ठेवतो. ती नोंदवही पाहून मला तो प्रोग्राम आपल्यातलाच वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा सेक्टर सोडून सगळं हाती आलं. एक सेक्टर ४,०९६ बाइटांचा. वर सांगितलेला हिशेब लावा, सेकंदाला १,७६,४०० बाइट. म्हणजे एक सेक्टर हा सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग, आणि सहा मिळून सेकंदाचा सातवा. एवढ्या तुकड्यासाठी आख्खा संगणक तास तास गोठत होता. फाईल लावून पाहिली. गेलेला भाग एका पदानंतरच्या टाळ्यांत पडला होता. एक बारीकशी टिचकी ऐकू येते, बस्स.

या दिवसांत मला आमच्या केसरबाईंची सारखी आठवण होत होती. केसरबाई केरकर याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. त्यांनी गायलेली भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर आहे, हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यातलं व्हॉयेजर १ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये असंबद्ध बडबडू लागलं. यान २४ अब्ज किलोमीटरवर, निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. तिथे "नवं घ्या" म्हणणार कुणाला? नासाच्या लोकांनी दुखणं शोधत शोधत स्मृतीतल्या एका बिघडलेल्या चिपपर्यंत आणलं. तिच्यातला मजकूर मावेल अशी एकसंध रिकामी जागा कुठे नव्हती, म्हणून त्याचे तुकडे करून ते इकडेतिकडे बसवले, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असं बोलू लागलं. त्या यानाचा माहिती पाठवण्याचा नेहमीचा वेग सेकंदाला १६० बिट. आमचा एक एमबीचा रडतराऊत वेगसुद्धा त्याच्या पन्नास हजार पट होता!

म्हणून मी आता दोन मंदपणांत फरक करतो. कॅसेटचा एक तास उतरवायला एक तास लागतो. तिथे घाई चालत नाही, फीत जेवढ्या वेगाने बोलते तेवढ्याच वेगाने ऐकावी लागते. हा कामाचा स्वतःचा वेळ आहे आणि त्याबद्दल कुरकुर करू नये. दुसरा मंदपणा अडवणुकीचा. कुणीतरी कुणाचीतरी वाट पाहत बसलेला असतो आणि बाहेरून सगळं "स्लो" दिसतं. तो शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारलं, तर सुधारलं कशाने ते कळत नाही, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्या वहीत सहा दिवसांची दोन पानं भरली आहेत.

शनिवारी संध्याकाळी डबी आईच्या हातात दिली. ७६ फाईली, प्रत्येक कॅसेटच्या दोन बाजू. टिकलीवर बोट ठेवून तिने डबी चालू केली, पुढे जायचं बटण मोजत मोजत दाबलं, आणि चौदाव्याला थांबली. बाबा म्हणाले, "काळी एक दितां हां." आई काही बोलली नाही. पेटीचा सूर लागला, पद सुरू झालं, ती ऐकत बसली. थोड्या वेळाने मी म्हटलं, हवं तर ती फाईल पहिली करून देतो, एवढं दाबत बसायला नको.

"नाका," ती म्हणाली. "थंयच आसूं."

रविवारी चोर्ला घाटाने तिला बेळगावला पोचवलं. बहीण फोनवर सांगते की दुपारी जेवणं झाली की आईच्या खोलीतून बटणाचा टिक टिक आवाज येतो, तेरा वेळा.

जुना संगणक अजून आहे. त्याची डिस्क तेवढी बदलली. मूळ फाईलींची एक प्रत माझ्याकडे आणि एक बहिणीकडे बेळगावला, म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजूंना. तुमच्या कपाटातही कुणाचं कीर्तन, कुणाचं भजन, कुणाच्या लग्नातलं बोलणं फितीवर पडून असेल. संगणकावर उतरवलेलं असेल तर आज एकदा ती नोंद उघडून डिस्कची प्रकृती पाहा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. आमच्या नऊ कॅसेट अजून उतरवायच्या आहेत. चिकटलेल्या फिती सोडवणारा जाणता माणूस कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. बाकीच्यांचं चाललं आहे. रविवारी दोन होतात.